बोटांवरची वर्षं

सौसरला बाजाराच्या दिवशी अंजनाबाई पराते दवाखान्याच्या ओसरीत स्टूल टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांकडे बघत राहत. चेहऱ्यांकडे नाही. मिरच्या निवडायला, वांगी चाचपायला बाई खाली बसली की अंजनाबाई थांबत आणि ती उठते कशी ते पाहत. एक हात गुडघ्यावर टेकवून उठली, तर विशेष काही नाही. पण दुसरा हात नकळत पोटाखाली, लुगड्याच्या निऱ्यांवर दाबला गेला, की त्या मला कोपर मारत.

"ते पाहा, लाल लुगड्यावाली. तिले अंग येते."

"तुम्हाले काय माहीत?"

"हात कुठी जाऊन राहिला ते पाहा ना. तोंडानं ते काईच नाही सांगनार."

अंग येणं म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गर्भाशय जागा सोडून खाली सरकतं, कधी कधी बाहेरच येतं, आणि बाई तशीच पाणी भरते, दळते, कापूस वेचते, हे मी आज सरळ लिहू शकते. त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत आरोग्याचा तास घेत होते, आणि फळ्यावर माणसाचं पोट काढून त्यात रंगीत खडूनं आतडी भरताना मला मोठी धन्यता वाटत असे. अंजनाबाई दवाखान्यातल्या नर्स, मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारी. त्या मला मास्तरीणबाई म्हणत. त्यात मान किती आणि चिडवणं किती, हे मला कधी नीट लावता आलं नाही.

त्या मूळच्या मोहगावच्या, विणकराच्या घरातल्या. तेराव्या वर्षी लग्न, पुढे वैधव्य, मग नागपूरला नर्सिंगचं शिक्षण. एक मुलगी झाली होती, सहा दिवसांची असताना गेली. हे सगळं त्यांनी मला एका संध्याकाळी दिव्याची काच पुसता पुसता सांगितलं आणि काच बसवून विषय संपवला. परत कधी काढला नाही.

त्यांच्या तऱ्हा अनेक. ते स्टूल जिथं तिथं बरोबर असे. कोणाच्या घरी गेल्या तरी पाटावर, सतरंजीवर बसत नसत. सरकारी पाचवारी पांढरं पातळ मिळत असताना त्या पदरचं नऊवारी पांढरं लुगडं घट्ट काष्टा घालून नेसत. डॉक्टरसाहेबांनी एकदा टोकलं, तेव्हा "धावपळीत हेच बरं पडते साहेब" म्हणून निघून गेल्या. आणि त्या मोठ्यानं हसत नसत. मी काही गमतीचं बोलले की ओठ मिटून, खांदे हलवून हसत. मला वाटे, सरकारी नोकरीतल्या बाईचा हा रुबाब असावा.

सगळ्यात मोठी तऱ्हा बोटांची. बाईला त्या बोलायला लावत नसत. दार लोटून घेत, स्वतः भिंतीकडे तोंड करत आणि म्हणत, "बोलू नको. बोटं दाखव. किती वर्षं झाले?" मग हळूच मागं वळून बोटं मोजत. जिनं चार महिने विचारूनही तोंड उघडलं नसतं, ती बोटं मात्र वर करी. हे गुपित त्यांना कसं सापडलं, असं मी विचारलं होतं. "सापडलं असंच," म्हणाल्या.

एकदा मोहगावकडची एक बाई लेकराचा खोकला दाखवायला आली. ती बाकावरून उठली आणि अंजनाबाईंनी लेकराला बाहेर खेळायला पाठवलं. त्या दिवशी आया आली नव्हती, मला शाळेला सुट्टी होती. "बॅटरी धरसान काय जरा?" म्हणाल्या. मी मोठ्या उत्साहानं गेले. बाईनं भिंतीकडे बघत चार बोटं दाखवली. चार वर्षं. लेकरं सहा. शेवटच्या बाळंतपणानंतर कितव्या दिवशी वावरात गेली, तर आठव्या. कापसाची वेचणी चालू होती, आणि आठव्या दिवशी तिनं ओल्या अंगानं कमरेला ओटी बांधून कापूस वेचला होता. भरलेली ओटी दिवसभर पोटावरून खाली ओढत राहते.

मग अंजनाबाईंनी तिला निजवलं, आणि मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाहेर आलेलं अंग आत राहावं म्हणून त्या बाईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा मोसंबीएवढा गोळा करून आत बसवला होता. वरून लंगोट. गोळा काळा पडला होता आणि आत जखम झाली होती. त्या वासानं माझ्या हातातली बॅटरी सुटली. मी मागच्या अंगणात पळाले आणि निंबाखाली ओकले.

परत आले तेव्हा बॅटरी खुंटीला टांगलेली होती आणि अंजनाबाई लाल औषधाच्या पाण्यानं जखम धूत होत्या. मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकात पोट आहे न? मंग त्याच्या खालचं काऊन नाही?"

त्या बाईची जखम भरायला तीन आठवडे लागले. मग अंजनाबाईंनी तिला रबराची कडी बसवली. कडी आत राहते आणि अंगाला वर धरते, दर काही महिन्यांनी काढून धुवावी लागते, एवढं मला त्यांनी नंतर समजावलं. पण माझं डोकं अजून चिंध्यांपाशीच होतं. मी विचारलं, "चार वर्षं तिनं घरी कोणालेच सांगतलं नाही?"

"कोनाले सांगन? सासूले? सासूलेही आहे."

मी त्या रात्री जेवले नाही. मला किळस आली होती हे खरं, आणि किळस आली याचा रागही आला होता.

अंजनाबाईंना मात्र राग येत नसे, निदान दिसत नसे. गावात चंद्रभागाबाई नावाची दाई होती. पहिली कळ आली की, पिशवीचं तोंड उघडायच्या आधीच ती बाईला "जोर कर, जोर कर" म्हणू लागे, आणि बाळंतीण मोकळी झाली की पोट सुटू नये म्हणून धोतरानं करकचून बांधे. दोन्हींनी अंग खाली येतं. दुसरी कोणी असती तर भांडली असती. अंजनाबाईंनी तिला चहाला बोलावलं आणि बटव्यात लिंबू घालून, नाडी ओढून तिच्या हातात दिला. "नाडी न सोडता लिंबू काढून दाखव." चंद्रभागाबाईनं वरून दाबलं, पिळलं, शेवटी बटव्याची शिवण उसवली. "अन् वरून आवळला तर लिंबू कुठी जाईन?" दाईनं उसवलेली शिवण बोटानं चाचपली. चहा निवला. त्यानंतर ती स्वतःच बायांना हाताला धरून दवाखान्यात आणू लागली.

ज्यांचं थोडंच खाली आलं आहे त्यांना त्या कडी न देता आवळायला शिकवत. लघवी मधेच अडवल्यासारखं आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. दळताना करा, तांदूळ निवडताना करा, कोणाच्या बापाला कळत नाही, म्हणत. हे तुमच्या मोठ्या पोरींना शिकवा म्हणून माझ्या मागं लागल्या होत्या. मी लाजेनं लाल झाले आणि हे शाळेत चालणार नाही असं सांगितलं. "बरं," म्हणाल्या. तो "बरं" मला पुढे फार लागला.

कारण पुढच्याच पोळ्याला त्या पांढुर्ण्याला आल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार होते, नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात, डोकी फुटतात, आणि पट्ट्या बांधायला आजूबाजूच्या दवाखान्यांतली माणसं बोलावली होती. माझं माहेर पांढुर्ण्याचं. बाबांचं कापडाचं दुकान, वर घर. मी त्यांना आमच्याकडेच उतरवलं.

आमच्या आईबद्दल गावात एकच मत होतं, ती शिष्ट आहे. हळदीकुंकवाला जात नसे, लग्नात पंगत वाढायला उभी राहत नसे, नदीवर कधी नाही. बाबांशीही तुटकच बोले आणि स्वयंपाकघरात निजे. त्यात तिचं ते नऊवारी. बाबांच्या दुकानात नवी पाचवारी पातळं थप्प्यांनी यायची, गावच्या सगळ्या बाया ती नेसायच्या, आणि दुकानदाराची बायको मात्र जाड्याभरड्या लुगड्याचा काष्टा घालून फिरायची. बाबांना गिऱ्हाइकं टोमणे मारत. मी पहिल्या पगारातून तिला फिकट निळं पाचवारी आणलं होतं. तिनं ते पेटीत ठेवलं. दोन दिवाळ्या गेल्या तरी घडी मोडली नाही, तेव्हा मी तिला तोंडावर म्हटलं होतं, तू जुनाट आहेस, तुला मुलीचं कौतुकच नाही. तिनं पेटी बंद केली. तिच्या त्या गप्प बसण्यानं मी आणखीच चिडले होते.

गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीनं सौसरला परत निघालो. अंजनाबाईंच्या लुगड्यावर कोणाकोणाच्या रक्ताचे डाग होते. तिगावचा फाटा मागं पडला तशा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमची आई किती वर्षांपासून सांभाळून राहिली?"

"काय?"

"अंग."

मी भडकले. "तुम्हाले सगळ्या बाया तशाच दिसतात," असं मी भर मोटारीत म्हटलं. पुढच्या बाकावरचा माणूस मागं वळून बघू लागला. अंजनाबाई परत खिडकीबाहेर बघू लागल्या. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी गेले आणि पहिल्याच सकाळी आईला पाण्याचा पितळी गुंड उचलताना पाहिलं. एक हात गुंडाला. दुसरा खाली, निऱ्यांवर. तो हात तिथं किती सवयीनं गेला. मी जिन्यात उभी होते. तेवीस वर्षं मी त्या बाईच्या हातचं जेवले होते, तिच्या शेजारी निजले होते, आणि परक्या बाईनं दोन दिवसांत पाहिलं ते मला दिसलं नव्हतं. मी अंजनाबाईंना चिठ्ठी पाठवली. त्यात माफीबिफी लिहिली नाही, फक्त या म्हणून लिहिलं. रविवारी त्या स्टूल घेऊन हजर झाल्या.

स्वयंपाकघराचं दार लोटलं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. "मले काई नाही."

"नसन. बोलू नका वयनी. बोटं दाखवा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जायला वळले, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मग दोन्ही हातांची बोटं उघडली. मिटली. आणि एका हाताची चार दाखवली.

चौदा. माझा धाकटा भाऊ मधू चौदा वर्षांचा होता.

आईच पुढे बोलली, आणि माझ्याशी बोलली, अंजनाबाईंशी नाही. "तू आनलेलं पातळ नेसून पाह्यलं होतं मी. दोन वेळा. दार लावून. दोन पावलं नाही चालता आलं माय. काष्टा धरून ठेवते, त्या पातळात खाली धरनारं काईच नसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जिला जुनाट म्हणत होते तिनं चौदा वर्षं स्वतःला त्या काष्ट्यानं बांधून घर चालवलं होतं, आणि त्या कापडाचाच आम्ही सगळ्यांनी तिला त्रास दिला होता. मी रडले. आई रडली नाही. ती मला म्हणाली, "उगी राय, मधू आईकन."

अंजनाबाईंनी तपासलं. कडी बसवून पाहिली, ती टिकेना. ऑपरेशन करावं लागेल, नागपूरला. म्हणजे बाबांना सांगणं आलं. आई म्हणाली, मी मरेन पण त्यांना सांगू नका. अंजनाबाईंनी स्टूल उचललं आणि त्या सरळ दुकानात गेल्या. मी पडद्यामागं उभी राहिले.

बाबा ताग्याची घडी करत होते. अंजनाबाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता, पोट दुखतं म्हणावं इतक्या साध्या आवाजात सगळं सांगितलं. बाबांचे हात थांबले. मला वाटलं आता ते ओरडतील, या बाईला बाहेर काढतील. ते तागा बाजूला ठेवून म्हणाले, "मले वाटलं तिले मी नकोसा झालो."

पडद्यामागं मी तोंडात पदर कोंबला. आपल्या बापाच्या तोंडून असं काही ऐकायला मुलगी तयार नसते. चौदा वर्षं एका घरात एक लाजेनं गप्प आणि एक मान दुखावून गप्प, आणि आम्ही पोरं आई शिष्ट आहे असं सांगत गावभर फिरत होतो.

अंजनाबाई म्हणाल्या, "ऑपरेशनचं भेव नाही भाऊ. नंतरचे तीन महिने कठीन. कायीच उचलायचं नाही, गुंड नाही, बादली नाही. घरी पानी भरून देनारं मानूस लागते. ज्या बाईले तसं मानूस नाही, तिनं कडीवरच दिवस काढावे."

"मी भरीन," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी भरलं. हिवाळ्यात आईचं ऑपरेशन झालं, आणि पांढुर्ण्याच्या विहिरीवर कापडवाले शेठ धोतर खोचून रहाटाला लागले. बायका पदरात तोंड घालून हसत. बाबांनी पहिले चार दिवस मान खाली घातली, पाचव्या दिवशी त्यांनीच एकीची घागर ओढून दिली. तीन महिन्यांचे सहा महिने झाले तरी ते पाणी भरतच राहिले.

छप्पनच्या नोव्हेंबरात नवी राज्यं झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. कालपर्यंत राजधानी नागपूर होती, आता भोपाळ. चौकात माणसं घसे फोडून वाद घालत. अंजनाबाईंना त्यात एकच काळजी होती, रबराच्या कड्या नागपूरहून येत, त्या आता कुठून येतील. "राज्य कुठीही जाऊ दे," म्हणायच्या, "बाया तर इथंच रायतीन." पुढे काही महिन्यांनी सरकारी नोकरांच्या वाटणीच्या याद्या आल्या आणि त्यांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत निघालं. जाण्याआधी त्यांनी होत्या तेवढ्या कड्या उकळून चंद्रभागाबाईच्या हवाली केल्या, आणि त्या कशा काढायच्या, धुवायच्या, बसवायच्या ते तिच्याकडून दहा वेळा करून घेतलं. ती दाई रडत होती आणि करत होती. आणि मी, कोणाला न विचारता, वरच्या वर्गाच्या मुलींना दार लावून आवळायला शिकवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं तेव्हा काय झालं ते राहू द्या.

सौसरहून नागपूरला छोटी गाडी होती. पण आईला एकदा बघून जायचं म्हणून अंजनाबाई मुद्दाम पांढुर्ण्याला आल्या आणि मोठ्या गाडीनं निघाल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पत्रं येत, त्यांत आईची चौकशी असे, कडीवाल्या बायांची नावं असत, स्वतःबद्दल ओळ नसे.

स्टेशनवर आई आली होती. जी बाई चौदा वर्षं सहसा ओट्याखाली उतरली नव्हती ती त्या दिवशी फिकट निळं पाचवारी नेसून, बाबांच्या पुढे चार पावलं चालत आली होती. फलाटावर ती उकिडवी बसली, संत्र्यांची टोपली उघडून त्यांना द्यायची संत्री निवडू लागली, आणि मग उठली. दोन्ही हातांत संत्री होती. अंजनाबाई तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हत्या. ती उठली तसे त्यांचे खांदे हलले, ओठ मिटून त्या हसल्या.

गाडी आली. ती फार थांबत नसे, आणि फलाट बुटका, पायऱ्या उंच. बाबा हमाल शोधायला धावले. अंजनाबाईंनी तेवढी वाट पाहिली नाही. त्यांनी ट्रंक स्वतःच उचलून दारात ढकलली, दांडी धरून पायरीवर पाय टाकला, आणि त्यांचा दुसरा हात खाली गेला. पोटाखाली. पांढऱ्या लुगड्याच्या निऱ्यांवर. तो तिथं दाबून धरूनच त्या वर चढल्या.

स्टूल. काष्टा. मोठ्यानं न हसणं. पाणी भरून देणारं माणूस. चार वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले, बायांचे हात ओळखायला त्यांच्याकडून शिकले, आणि त्यांच्याच हाताकडे एकदाही पाहिलं नाही. त्या सगळ्यांना विचारत होत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्या खिडकीशी येऊन बसल्या. मी धावत गेले, गजांना धरलं. डब्यात माणसं होती, शेजारी बाबा आले होते. मला दुसरं काही बोलता आलं नाही.

"बोलू नका," मी म्हटलं. "बोटं दाखवा."

अंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. प्रथम त्यांना राग आला असं मला वाटलं. गाडी हलली. मी गज सोडले नाहीत, तशीच बरोबर चालू लागले. मग त्यांनी मांडीवरचे हात उचलले आणि दोन्हींची सगळी बोटं उघडली. मिटली. परत सगळी उघडली. गाडीनं वेग घेतला, माझे हात सुटले. तिसऱ्यांदा त्यांचा हात खिडकीबाहेर आला तेव्हा डबा पार पुढे गेला होता, आणि त्या हाताची किती बोटं उघडी होती ते मला दिसलं नाही.